गिधाडांच्या मूत्रपिंडात काय दिसले?

कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी आपण सर्वांनीच कधी ना कधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली आहे. विटा रचाव्यात तशा ओळीने मांडलेल्या पेशी आणि प्रत्येक पेशीत एक गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. गालाच्या आतल्या पेशी, पानाचा आडवा छेद, रक्ताचा थेंब अशा शाळेतल्या बहुतेक काचपट्ट्या निरोगी ऊतींच्या असतात. पण ऊती आजारी पडली की ती कशी दिसते? शरीरात विष गेले तर पेशीत नेमके काय बदलते? आणि ते बदल पाहून ‘हे कशामुळे झाले असावे’ असा उलटा शोध घेता येतो का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एखाद्या गाठीचा तुकडा डॉक्टर तपासणीला पाठवतात आणि तीन-चार दिवसांनी अहवाल येतो, तेव्हा विकृतिशास्त्रज्ञाने हाच उलटा शोध घेतलेला असतो. तो घेतात कसा आणि त्याची मर्यादा कुठे येते, हे समजण्यासाठी आपण एक खरे प्रकरण पाहू. ते माणसाचे नाही, गिधाडांचे आहे. भारतीय उपखंडातली कोट्यवधी गिधाडे दहा-पंधरा वर्षांत नाहीशी झाली, आणि त्याचे कारण शोधण्याची पहिली पक्की खूण मिळाली ती त्यांच्या मूत्रपिंडाच्या काचपट्टीत.

काचपट्टी तयार होते कशी?

प्राण्याची ऊती मऊ असते, जवळजवळ पारदर्शक असते आणि शरीराबाहेर काढताच कुजू लागते. या तिन्ही अडचणींवर एकेक उपाय आहे.

पहिले काम कुजणे थांबवण्याचे. ऊतीचा लहान तुकडा फॉर्मॅलिनच्या पातळ द्रावणात बुडवतात. फॉर्माल्डिहाइडमुळे प्रथिनांचे रेणू एकमेकांना जखडले जातात आणि पेशी ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत जणू थिजते. दुसरे काम तुकडा कापण्याजोगा घट्ट करण्याचे. त्यातले पाणी अल्कोहोलने काढून टाकतात, अल्कोहोलच्या जागी झायलीन आणि झायलीनच्या जागी वितळलेले पॅराफिन मेण भरतात. मेण थंड झाले की त्या वडीचे मायक्रोटोम नावाच्या यंत्राने ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप बसतील.

तिसरे काम रंग देण्याचे. यासाठी शंभराहून अधिक वर्षे वापरात असलेली एक जोडी आहे : हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून मिळते. ते केंद्रकातल्या डीएनएला धरून बसते आणि केंद्रक निळे-जांभळे दिसते. इओसिन प्रथिनांना चिकटते, त्यामुळे उरलेली पेशी गुलाबी दिसते. निळा ठिपका आणि भोवती गुलाबी पेशीद्रव, एवढ्या दोन रंगांवर या शास्त्राचा बहुतेक कारभार चालतो.

पेशीची मोजकी भाषा

रोग असंख्य आहेत आणि विषेही असंख्य आहेत. पण इजा झाल्यावर पेशी जे काही करू शकते त्याचे प्रकार मात्र मोजके आहेत. विकृतिशास्त्राचा विद्यार्थी आधी ही मोजकी भाषा शिकतो.

इजा सौम्य असेल तर पेशी फुगते. पेशीपटलातले पंप सोडियम बाहेर फेकण्याचे काम सतत करत असतात आणि त्याला ऊर्जा लागते. ऊर्जा कमी पडली की सोडियम आत साठतो, त्याच्यामागोमाग पाणी आत येते. काही अवयवांत पेशी फुगण्याबरोबर चरबीचे थेंबही साठतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याच्या यकृताच्या काचपट्टीत पेशीपेशीत गोल पांढरी भोके दिसतात. ती या थेंबांची जागा. चरबी स्वतः काप तयार करतानाच अल्कोहोल-झायलीनमध्ये विरघळून गेलेली असते. इथपर्यंतचे बदल परतीचे आहेत. कारण दूर झाले की पेशी पूर्ववत होऊ शकते.

इजा याहून मोठी असेल तर पेशी मरते. मेलेली पेशी ओळखायची ती केंद्रकावरून. ते आधी आकसून काळपट होते, मग त्याचे तुकडे होतात किंवा ते फिकट होत होत दिसेनासे होते. पेशीद्रव जास्तच गुलाबी दिसू लागते. निळा ठिपका हरवलेली, गडद गुलाबी, कडा विस्कटलेली पेशी दिसली की ती मेलेली आहे असे समजायचे.

पेशी मेल्यावर शरीर त्याची दखल घेते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही तासांतच त्या जागी जमू लागतात. एक-दोन दिवसांत त्यांची गर्दी होते, मग मोठ्या भक्षक पेशी येऊन मृत पेशींचा कचरा उचलतात. याला आपण दाह म्हणतो. इजा आठवडे-महिने चालू राहिली तर त्या जागी तंतुमय ऊती भरते, म्हणजे व्रण तयार होतो. दगडखाणीतली सिलिकाची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून घेणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसात अशा तंतूंच्या गोल गाठी झालेल्या असतात.

यातून आपल्या हाती एक प्रकारचे घड्याळ येते. नुसती मेलेली पेशी दिसली तर घटना काही तासांपूर्वीची किंवा एक-दोन दिवसांपूर्वीची. भोवती पांढऱ्या पेशींची गर्दी असेल तर आणखी जुनी. तंतू भरले असतील तर फारच जुनी.

पण भाषा मोजकी असल्यामुळे एक अडचणही येते. एकच चित्र अनेक कारणांनी तयार होऊ शकते. यकृतात चरबी दारूमुळे साठते, तशीच ती मधुमेहात किंवा लठ्ठपणातही साठते. म्हणून विकृतिशास्त्रज्ञ ‘काय झाले आहे’ एवढेच पाहून थांबत नाही. ‘कुठे झाले आहे’ आणि ‘काय झालेले नाही’ हेही तो तितक्याच काळजीने पाहतो. गिधाडांच्या प्रकरणात या तिन्ही प्रश्नांचा उपयोग झाला.

गिधाडे गेली कुठे?

१९८० च्या दशकापर्यंत गिधाड हा आपल्याकडचा अगदी सामान्य पक्षी होता. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की काही वेळात आकाशात ठिपके दिसू लागत आणि दिवसाअखेर फक्त सांगाडा उरे. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश गिधाडांची नोंद ठेवत होते. १९८० च्या दशकातल्या नोंदी आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या नोंदी त्यांनी शेजारी ठेवल्या, तेव्हा फरक धक्कादायक होता. झाडांवर मान खाली टाकून बसलेली, मलूल गिधाडे दिसत होती आणि झाडाखाली मेलेलीही सापडत होती. १९९९ मध्ये त्यांनी ही घट प्रसिद्ध केली. पुढे देशभर पाहणी झाली. १९९२ च्या तुलनेत २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली होती. हजारामागे एक पक्षी उरला होता. लांब चोचीचे आणि निमुळत्या चोचीचे गिधाड यांची घटही ९७ टक्क्यांच्या आसपास होती.

परिणाम माणसांपर्यंत पोचले. उघड्यावरची ढोरे कुजत पडू लागली, त्यांवर भटकी कुत्री वाढू लागली. मुंबईत मलबार हिलवरच्या दोखम्यात पारशी समाजाचे अंत्यविधी गिधाडांवर अवलंबून होते. तिथे गिधाडे येईनाशी झाली आणि सौर संकेंद्रकांसारखे पर्याय शोधावे लागले.

कारण काय असावे? अन्नाचा तुटवडा म्हणावा तर ढोरे तशीच पडून होती. कीटकनाशकांवर संशय घेतला गेला. घट झपाट्याने आणि दूरदूरच्या प्रदेशांत होत असल्यामुळे एखादा नवा विषाणू असावा, हा तर्क अनेकांना सर्वांत पटणारा वाटत होता. तर्क अनेक होते. आता शरीर उघडून पाहणे भाग होते.

पांढरा थर

इ.स. २००० पासून पाकिस्तानातल्या पंजाबात अमेरिकेतले पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांचे पाकिस्तानी व अमेरिकी सहकारी मेलेली गिधाडे गोळा करून शवविच्छेदन करत होते. त्यांनी २५९ मोठ्या गिधाडांची पाहणी केली. त्यांपैकी २१९ पक्ष्यांत, म्हणजे शेकडा ८५ मध्ये, एकच गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत होती. हृदय, यकृत आणि इतर अवयव यांवर चुना फासावा तसा पांढरा, खडूसारखा थर होता.

हा थर युरिक आम्लाच्या क्षारांचा होता. इथे सजीवांच्या उत्सर्जनाचा धडा आठवावा लागतो. प्रथिनांच्या विघटनातून तयार होणारे नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य आपण युरियाच्या रूपात, पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो. पक्षी ते युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. युरिक आम्ल पाण्यात फारच थोडे विरघळते, त्यामुळे पक्ष्याला ते टाकण्यासाठी पाणी फारसे खर्च करावे लागत नाही. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजेच हे द्रव्य. पण ज्या गुणामुळे पाणी वाचते, तोच गुण मूत्रपिंड बंद पडले की घातक ठरतो. रक्तातले युरिक आम्ल वाढत जाते आणि विरघळलेले राहू न शकल्याने अवयवांवर आणि अवयवांत साचते. माणसाच्या सांध्यांत असे स्फटिक साचले की त्या दुखण्याला गाऊट म्हणतात. गिधाडांत ते आतल्या अवयवांवर साचले होते, म्हणून याला आंतरांगांचा गाऊट म्हणतात.

म्हणजे मृत्यूचे निकटचे कारण कळले : मूत्रपिंड निकामी झाले. पण ते निकामी का झाले? अवयव नुसता पाहून हे कळणे शक्य नव्हते. आता काचपट्टीची पाळी होती.

सूक्ष्मदर्शकाखाली

मूत्रपिंड, म्हणजे पाठ्यपुस्तकातले वृक्क, हजारो नेफ्रॉनचे बनलेले असते. प्रत्येक नेफ्रॉनच्या सुरुवातीला रक्त गाळणारा केशिकांचा गुच्छ असतो. त्याच्यापासून निघणारी नागमोडी नळी म्हणजे समीप नलिका, तिच्यापुढे दूरस्थ नलिका आणि शेवटी संग्राहक नलिका. या सर्वांत समीप नलिकेच्या पेशी सर्वांत कष्टाळू. गाळलेल्या द्रवातले उपयोगी पदार्थ परत घेणे आणि रक्तातली काही द्रव्ये नळीत टाकणे ही कामे त्या करतात. पक्ष्यांत तर युरिक आम्लाचा मोठा भाग याच पेशी रक्तातून उचलून नळीत सोडतात. काम जास्त, म्हणून प्राणवायूची गरजही जास्त.

गिधाडांच्या काचपट्टीत नेमक्या याच पेशी मेलेल्या होत्या. ज्यांत बिघाड अजून सुरुवातीच्या टप्प्यात होता त्या पक्ष्यांत हे सर्वांत स्पष्ट दिसले. समीप नलिकांच्या पेशींची केंद्रके नाहीशी झालेली, पेशी गडद गुलाबी होऊन भिंतीपासून सुटलेल्या. आणि शेजारीच केशिकागुच्छ, दूरस्थ नलिका, संग्राहक नलिका बऱ्याच अंशी शाबूत. बिघाड वाढलेल्या पक्ष्यांत मात्र युरेटच्या मोठमोठ्या ढिगांनी मूत्रपिंडाची मूळ रचनाच झाकून टाकली होती.

इथे प्रयोगशाळेतल्या एका खुबीचा उल्लेख करायला हवा. युरेटचे स्फटिक पाण्यात थोडे थोडे विरघळतात आणि फॉर्मॅलिनचे द्रावण पाण्यातच केलेले असते. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीच्या काचपट्टीत स्फटिक बहुधा दिसतच नाहीत. दिसते ती त्यांची रिकामी जागा, सुया पसराव्यात तशा रेघांचा आकार. स्फटिकच पाहायचे असतील तर ऊती निर्जल अल्कोहोलमध्ये ठेवावी लागते. काचपट्टीत दिसणारे भोक हीसुद्धा एक खूण असते. तिथे आधी काय होते आणि ते कशात विरघळले हे माहीत असले की ती वाचता येते.

जे दिसले नाही ते

‘काय’ कळले, ‘कुठे’ कळले. आता तिसरा प्रश्न : काय झालेले नाही?

या मूत्रपिंडांत दाह अगदी थोडा होता. पांढऱ्या पेशींची गर्दी जवळजवळ नव्हती, तंतूंची वाढही नव्हती. मघाच्या घड्याळावर पाहिले तर याचा अर्थ असा, की इजा मृत्यूच्या आधी थोडाच काळ, एकदम आणि जोरात झाली होती. थोडे थोडे विष महिनोन्‌महिने साचत गेले असते तर व्रणाच्या खुणा दिसल्या असत्या. जंतूंचा संसर्ग असता तर दाह दिसण्याची शक्यता जास्त होती. मूत्रपिंडात एका विशिष्ट जागीच झालेली आणि दाह नसलेली इजा दोन प्रकारच्या कारणांकडे बोट दाखवते : एक तर पेशींना थेट मारणारे विष, नाहीतर त्या पेशींना मिळणारे रक्त तुटणे.

याच जागी विकृतिशास्त्रज्ञाला सावधही राहावे लागते. मृत्यूनंतर ऊती आपोआप कुजू लागते आणि कुजलेली पेशी आजाराने मेलेल्या पेशीसारखीच दिसते. मूत्रपिंडात तर समीप नलिकाच सर्वांत आधी कुजते! पंजाबच्या उन्हात काही तास पडून राहिलेल्या पक्ष्याची काचपट्टी सहज फसवू शकते. म्हणून ताजी शवे निवडावी लागतात आणि अपघातासारख्या दुसऱ्या कारणाने मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांशी तुलना करावी लागते. तुलनेशिवाय काचपट्टी वाचणे म्हणजे निरोगी माणसाचे तापमान माहीत नसताना ताप मोजण्यासारखे आहे.

एवढे करूनही काचपट्टीने मारेकऱ्याचे नाव सांगितले नव्हते. सूक्ष्मदर्शकातून विषाचा रेणू दिसत नाही. दिसतात त्या विषाने मागे ठेवलेल्या खुणा. पण त्या खुणांनी शोधाचे रान लहान केले होते.

प्रश्न नेमका झाला

मूत्रपिंडाला इजा करणारी जी माहीत असलेली कारणे होती, ती ओक्स यांच्या गटाने एकेक करून तपासली. कॅडमियम, पारा आणि शिसे यांसारखे जड धातू, कीटकनाशके, मूत्रपिंडाला बाधणारे विषाणू आणि जिवाणू यांपैकी कशानेही या मृत्यूंचे स्पष्टीकरण मिळाले नाही. मग प्रश्न वेगळ्या बाजूने घेतला गेला. गिधाड खाते काय? मेलेली गुरे. तेव्हा गुरांना दिले जाणारे, पोटातून शोषले जाणारे आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारे असे काय आहे? संशोधक पशुवैद्यांकडे आणि औषधांच्या दुकानांत चौकशीला गेले. या सर्व अटींत बसणारे आणि सर्रास विकले जाणारे एक औषध सापडले. ते होते डायक्लोफिनॅक.

हे नाव आपल्यालाही नवे नाही. अंगदुखी, सांधेदुखी, सूज यांवर माणसे हे औषध घेतात. १९९० च्या दशकात जनावरांसाठीही ते स्वस्तात मिळू लागले. लंगडणारा बैल, ताप आलेली गाय यांना इंजेक्शन दिले की आराम पडे. जनावराच्या शरीरातून काही दिवसांत औषध निघूनही जाई. प्रश्न होता तो उपचारानंतर लगेच मेलेल्या जनावरांचा.

यानंतरची तपासणी निर्णायक ठरली. आंतरांगांच्या गाऊटने मेलेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडे तपासली. २५ पैकी २५ मध्ये डायक्लोफिनॅक सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांची तपासली. १३ पैकी एकातही सापडले नाही. तरीही दोन गोष्टी बरोबर आढळणे म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे नव्हे. म्हणून, सोडून देता येणार नाहीत अशा जायबंदी गिधाडांना हे औषध दिले गेले, तसेच औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घातले गेले. पक्षी साधारण दोन-तीन दिवसांत मेले. त्यांच्या अवयवांवर तोच पांढरा थर होता आणि काचपट्टीत त्याच समीप नलिका मेलेल्या होत्या. हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी भारत आणि नेपाळमधल्या गिधाडांतही हेच आढळल्याचे दुसऱ्या गटाने दाखवले.

विकृतिशास्त्राची पूर्ण साखळी इथे पाहायला मिळते. काचपट्टीने प्रश्न नेमका केला, रासायनिक तपासणीने संशयित पकडला आणि प्रयोगात तीच काचपट्टी पुन्हा तयार झाली तेव्हा गुन्हा सिद्ध झाला. यांतली एकही कडी एकटी पुरेशी नव्हती.

माणसाला औषध, गिधाडाला विष

माणूस ५० मिलिग्रॅमची गोळी घेतो आणि कामाला लागतो. साधारण पाच किलो वजनाच्या गिधाडाला मात्र एक मिलिग्रॅमच्या आसपासची मात्राही प्राणघातक ठरू शकते. असे का?

डायक्लोफिनॅक शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनू देत नाही. ही द्रव्ये वेदना आणि सूज वाढवतात, म्हणून ती थांबली की आराम पडतो. पण मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळण्यातही त्यांचा वाटा असतो. पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला शरीराच्या मागच्या भागाकडून येणारे नीलेतले रक्तही वृक्क निवाहिकेतून मिळते, आणि हे रक्त मूत्रपिंडातून न्यायचे की बाहेरून वळवायचे हे एक झडप ठरवते. गिधाडांची काचपट्टी अभ्यासणाऱ्या कॅरोल मेटेयर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये असा विचार मांडला, की प्रोस्टाग्लँडिनचा लगाम सुटल्याने ही झडप भलत्या वेळी उघडत असावी, रक्त मूत्रपिंडाला वळसा घालून जात असावे आणि प्राणवायूची सर्वाधिक गरज असणाऱ्या समीप नलिका मरत असाव्यात. पुढे दुसऱ्या संशोधकांनी पेशींवर प्रयोग करून दाखवले, की हे औषध मूत्रपिंडाच्या पेशींना थेटही इजा करते आणि युरिक आम्लाच्या वाहतुकीत अडथळा आणते. मघाशी काचपट्टीने जी दोन कारणे सुचवली होती, थेट विष किंवा रक्त तुटणे, तीच दोन इथे पुन्हा समोर येतात. शिवाय गिधाडाच्या शरीरातून हे औषध लवकर बाहेर पडत नाही.

या वेदनाशामकांचा मूत्रपिंडाशी असलेला संबंध माणसालाही लागू आहे. शरीरातले पाणी कमी झालेले असताना, म्हातारपणी किंवा मूत्रपिंडाचा आजार असताना ती आपल्या मनाने घेत राहणे धोक्याचे, ते याच कारणाने.

काचपट्टीनंतर

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी तसे पाऊल उचलले. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरची, एका मात्रेपुरतीच ठेवण्याचा नियम झाला. मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरले होते. पशुवैद्यांना तो पर्याय उपलब्ध आहे. मात्र त्याच कुळातली इतर काही औषधे गिधाडांना बाधतात असे दिसल्याने अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांच्या जनावरांसाठीच्या वापरावर २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली. अॅसिक्लोफिनॅकचे तर गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच तयार होते.

बंदी कडक का हवी, हे एका गणितातून दिसते. सगळ्या मेलेल्या गुरांपैकी एक टक्क्याहूनही कमी गुरांत घातक मात्रा असली तरी गिधाडांची झालेली घट घडून येऊ शकते, असे संशोधकांनी २००४ मध्येच दाखवले. एका ढोरावर कित्येक गिधाडे जमतात आणि जोडीला वर्षाला एकच पिल्लू होते. एका इंजेक्शनमुळे झालेले नुकसान भरून यायला म्हणूनच बरीच वर्षे लागतात. हरियाणात पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणा वनविभागाबरोबर गिधाडांचे प्रजनन केंद्र चालवले. तिथे पिल्ले वाढवता येतात, पण बाहेरचे अन्न निर्विष असले तरच त्यांना सोडण्यात अर्थ आहे. सह्याद्रीच्या कड्यांवरची आपल्याकडची उरलीसुरली गिधाडेही याच अटीवर टिकून आहेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

प्राण्यांच्या ऊतीचे काप शाळेत करणे अवघड आहे. पण परतीची इजा आणि पेशीचा मृत्यू यांतला फरक कांद्यावर छान दाखवता येतो. त्यासाठी जांभळ्या कांद्याचा रंगीत पापुद्रा घ्यावा.

१. पापुद्र्याचा एक तुकडा पाण्यात ठेवून पाहा. पेशी रंगाने काठोकाठ भरलेल्या दिसतील.

२. त्यावर मिठाचे दाट द्रावण सोडा. काही मिनिटांत रंगीत भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आकसेल. आता टिपकागदाने मीठपाणी शोषून घेऊन साधे पाणी सोडा. बहुतेक पेशी पुन्हा भरतील. ही परतीची इजा.

३. दुसरा तुकडा पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून मग काचपट्टीवर घ्या. रंग पेशींतून बाहेर आलेला असेल. यावर मिठाचे पाणी घातले तरी आता काहीही आकसणार नाही, कारण पेशीपटलच निकामी झाले आहे. ही मेलेली पेशी.

४. तिसरा तुकडा स्पिरिटमध्ये ठेवा आणि असाच पाहा. स्पिरिट ज्योतीपासून दूर ठेवावे.

शेवटी तिसऱ्या आणि चौथ्या प्रयोगातल्या काचपट्ट्यांवरच्या चिठ्ठ्या काढून त्या विद्यार्थ्यांपुढे ठेवा आणि विचारा : यांतल्या पेशी उष्णतेने मेल्या की स्पिरिटने, हे सांगता येईल का? बहुतेकांना सांगता येणार नाही. मग विचारा : ते शोधून काढायचे असेल तर आणखी काय काय तपासावे लागेल? फळ्यावर जी यादी तयार होईल, ती गिधाडांच्या प्रकरणाशी ताडून पाहावी.